घंटा कोणाच्या हाती?

उज्जैनजवळच्या भैरवगढात (आम्ही इथले लोक त्याला भेरूगढच म्हणतो) कालभैरवाच्या दर्शनाला येणारे पुष्कळ. छिप्यांच्या कारखान्यात डोकावणारे मात्र थोडे. तिथे वाळू पसरलेल्या ओट्यावर कापड अंथरून कारागीर वितळलेल्या मेणाने नक्षी काढत असतो. त्याच वेळी दुसरे कापड रंगात बुडालेले असते, तिसरे दोरीवर वाळत असते, चौथ्याचे मेण उकळत्या पाण्यात सुटत असते. कारागिराचे हात दोनच. पण पाहणाऱ्याला वाटते, चारही कामे एकदम चालली आहेत. संगणकाच्या इतिहासातला एक जुना झगडा मला या कारखान्यावरून उमगला. तोच वाचकांपुढे मांडतो.

१९९३ साली मी शिक्षकी पेशात नवा होतो. निकालपत्रके करण्यासाठी एका परिचिताच्या संगणकावर जाऊन बसत असे. छपाईयंत्र करकरत असेपर्यंत आपण हात बांधून बसायचे. पालकांना पत्र लिहायचे तर गुणांचा तक्ता बंद करायचा, तक्ता पाहायचा तर पत्र बंद. यंत्र एवढे वेगवान, आणि एका वेळी एकच काम! कारण असे की, १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्याची डॉस ही प्रणाली एका वेळी एकच कार्यक्रम चालवण्यासाठी बांधलेली होती. कार्यक्रमांना मिळणारी मेमरी फार तर ६४० किलोबाइट.

ही अडचण दूर करण्यासाठी पुढची दहा वर्षे चढाओढ चालली. १९८५ साली खुद्द आयबीएमने टॉपव्ह्यू आणले, पण ते फारसे रुजले नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील क्वार्टरडेक या छोट्या कंपनीने डेस्कव्ह्यू विकायला काढले. त्याचे वैशिष्ट्य असे की, लोकांजवळ असलेले डॉसचे जुने कार्यक्रमच ते शेजारी शेजारी चालवी. इंटेलचा ३८६ प्रोसेसर मिळाल्यावर तर ते फारच सफाईने चालू लागले. नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे विंडोज आले, आणि डिसेंबर १९८७ मध्ये आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून केलेले ओएस/२.

वरवर पाहता सगळ्यांचा दावा एकच: अनेक कामे एकदम. खरा भेद कळायला आमची शाळा बरी. समजा, शाळेत वर्ग एकच आहे आणि शिक्षक पाच. प्रत्येकाने आपले शिकवून झाले की आपण होऊन बाहेर पडावे, असा नियम केला तर सज्जन शिक्षकांच्या भरवशावर शाळा चालेल. पण एखादे गणिताचे सर फळ्यापुढे रंगले, की भाषेचे सर दाराबाहेर ताटकळत उभे. दुसरी रीत घंटेची. मुख्याध्यापकाने घंटा दिली, की वाक्य अर्धे राहिले तरी खडू खाली ठेवायचा. उद्या तिथूनच पुढे.

विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम पहिल्या रीतीने चालत. एक कार्यक्रम अडून बसला, की बाकीचे खोळंबत. डेस्कव्ह्यू आणि ओएस/२ यांत घंटा प्रणालीच्या हाती होती. कमोडोर कंपनीच्या अमिगा या घरगुती संगणकात तर अशी घंटा १९८५ सालीच होती, तीही अवघ्या २५६ किलोबाइट मेमरीवर. म्हणजे ही विद्या तेव्हा अज्ञात मुळीच नव्हती.

तरीही जिंकले विंडोजच. मे १९९० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. ती दिसायला देखणी होती, आणि नवे कार्यक्रम तिच्यासाठी लिहिले जाऊ लागले. ओएस/२ला मेमरी पुष्कळ लागे, आणि त्या काळी मेमरी महाग होती. शिवाय पहिल्या आवृत्तीत डॉसचा एकच जुना कार्यक्रम एका वेळी चाले. १९९२ साली ही उणीव भरून निघाली, तोवर गाडी निघून गेली होती. डेस्कव्ह्यू जुन्या कार्यक्रमांचे आश्रयस्थान. जुने मागे पडले तसे तेही मागे पडले. अखेर ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि नव्या धर्तीच्या कार्यक्रमांपुरती घंटा तिथेही वाजू लागली. हरलेल्यांचे तत्त्व जिंकणाऱ्याने उचलले.

याच सुमारास देवनागरीही संगणकावर रुळत होती. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर इंग्रजीशेजारी आपली अक्षरे उमटू लागली. यंत्राला त्या अक्षरांतली मराठी कोणती आणि हिंदी कोणती, याचे सोयरसुतक नसते. ते आपणच पाहायचे.

आणि इथेच मला आपल्या घरांची आठवण होते. शिंद्यांची राजधानी १८१०च्या सुमारास उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, पण मराठी घरे माळव्यात राहिली. आमच्या घरात हिंदी, मराठी आणि इंग्रजी एकाच वेळी नांदतात, असे आम्ही अभिमानाने सांगतो. पण मी एके दिवशी मुकाट्याने बसून ऐकले. शाळेचे बोलणे हिंदीत, फोनवरचे हिंदीत, अभ्यास इंग्रजीत. मराठी दाराबाहेर ताटकळत उभी. तिला कोणी हाकलले नव्हते. दोष हिंदीचाही नव्हे. ती आमचीच भाषा. फक्त घंटा कोणी देत नव्हते.

तेव्हापासून रात्रीच्या जेवणाच्या पंगतीला आमच्याकडे मराठीचा तास असतो. नात पहिल्याच दिवशी म्हणाली, “आजोबा, मी थक गेली.” मी म्हटले, “थकलीस? बैस, वरणभात वाढतो.” आता ती स्वतःच ताटावर चमचा वाजवून घंटा देते.