ब्रायन लेनिहन : वारसा आणि देणे

घराणेशाहीची चर्चा बहुधा सत्ता कोणाच्या पदरात पडली, एवढ्यावरच थांबते. त्या सत्तेबरोबर कोणाचे देणे डोक्यावर येते, याचा विचार क्वचितच होतो. आयर्लंडचे अर्थमंत्री ब्रायन लेनिहन (१९५९–२०११) यांची कारकीर्द आम्हांस या दृष्टीने अभ्यसनीय वाटते.

लेनिहन घराणे फियाना फॉल पक्षाचे. आजोबा पॅट्रिक १९६५ साली संसदेवर निवडून आले, तेव्हा त्यांचे पुत्र थोरले ब्रायन आधीच सभासद होते. या थोरल्या ब्रायन यांनी न्यायमंत्री असताना, १९६७ साली, ग्रंथबंदीला बारा वर्षांची मुदत घालणारा कायदा आणला आणि हजारो पुस्तके बंधमुक्त झाली. पुढे ते उपपंतप्रधान झाले; १९९० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मात्र हरले. आत्या मेरी ओरूर्क याही मंत्री होत्या. १९९५ साली पित्याचे निधन झाले आणि १९९६ च्या पोटनिवडणुकीत डब्लिन वेस्टची जागा पुत्राकडे आली. तथापि, पूर्ण मंत्रिपदासाठी या निष्णात बॅरिस्टरला २००७ पर्यंत थांबावे लागले.

मे २००८ मध्ये त्यांच्याकडे अर्थखाते आले. घरबांधणीच्या तेजीत आयरिश बँकांनी परदेशांतून उचललेला पैसा जमीनजुमल्यात ओतला होता. सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स कोसळताच तो ओघ आटला. २९ सप्टेंबरच्या रात्री सरकारने सहा वित्तसंस्थांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांना हमी दिली. बँकांना केवळ रोकड टंचाई आहे, अशी समजूत होती. वस्तुतः त्या आतून पोखरल्या होत्या. खाजगी कर्जाचा भार अशा रीतीने जनतेवर आला.

डिसेंबर २००९ मध्ये लेनिहन यांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. तरी त्यांनी पद सोडले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी बेल ना ब्लॉ येथे मायकेल कॉलिन्स यांच्या स्मृतिसभेत भाषण केले. यादवी युद्धात कॉलिन्स यांना ठार मारणाऱ्या पक्षाच्या परंपरेतूनच फियाना फॉल उदयास आला होता. त्या पक्षाच्या नेत्याला हा मान प्रथमच मिळाला. कॉलिन्सही एकेकाळी अर्थमंत्रीच होते. त्यानंतर तीनच महिन्यांत आयर्लंडला युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले आणि ८५ अब्ज युरोंची योजना स्वीकारावी लागली. २०११ च्या निवडणुकीत डब्लिनमध्ये पक्षाची एकच जागा राहिली, ती लेनिहन यांची. जूनमध्ये ते निवर्तले.

बँकांनी त्यांच्यापुढे खरे चित्र ठेवले नाही, हे मान्य. तेजीच्या काळात सत्तेवर त्यांचाच पक्ष होता आणि तिची किंमत चुकवण्याची वेळ त्यांच्यावर आली, हेही खरे. परंतु हमी देण्याच्या निर्णयात त्यांचा वाटा मोठा होता आणि त्याचे मोल वेतनकपात व वाढीव करांच्या रूपाने सामान्य आयरिश माणसाने चुकवले. दुर्धर व्याधीत दाखवलेल्या धैर्याबद्दलचा आदर आणि त्या रात्रीच्या निर्णयाची चिकित्सा, या दोन्ही गोष्टी एकमेकींत न मिसळता कराव्या लागतील, असे आम्हांस वाटते.