शीझौमधला पटकीचा उन्हाळा

साल १९४२. चीनच्या युन्नान प्रांतातल्या शीझौ गावात तुम्ही उभे आहात. पश्चिमेला त्सांगशान डोंगर, पूर्वेला अरहाय सरोवर. डोंगरातून उतरलेलं पाणी गावातून वाहतंय, आणि त्याच पाण्यात बायका भाजी धुतायत. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर निर्वासितांचे लोंढे बर्मा रोडने युन्नानात शिरले. मागोमाग पटकी आली.

एखाद्या घरी टेका. पुढ्यात येणारा चहा बिनधास्त घ्या, पाणी उकळलेलं आहे. कच्च्या भाजीला मात्र हात लावू नका. यजमानांना विचारा, "ही साथ कशानं आली?" उत्तर तयार असतं: माणसं बिघडली, पापं वाढली, म्हणून वरून रोगराईचे देव धाडले गेले. मरीआईचा कोप ऐकत वाढलेल्या मराठी कानांना हे काही परकं वाटणार नाही.

जसं निदान, तसा उपचार. वर्गणी निघते, वेदी मांडली जाते. ताओपंथी पुजारी पोथ्या वाचतात, देवांच्या नावे विनंतीअर्ज जाळतात. मांसाहार बंद. मंतरलेलं पाणी घरोघरी जातं.

आता दवाखान्याकडे चला. तिथे पटकीची लस टोचतायत, आणि रांगेत वर्गणी देणारीच मंडळी आहेत! सुई काय करते, विचारा. "रोग येत नाही." कसा येत नाही? ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला तो १८८४ साली. अठ्ठावन्न वर्षं झाली, तरी तो शोध या रांगेपर्यंत पोचलेला नाही.

युद्धामुळे इथे हलवलेल्या विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्सिस शू हे सगळं टिपून घेतायत. १९५२ साली त्यांचं 'रिलिजन, सायन्स अँड ह्यूमन क्रायसीझ' हे पुस्तक निघेल. त्यांच्या लेखी गावकरी धर्म आणि विज्ञान असे दोन कप्पे करतच नाहीत. जाणत्या माणसाने दिलेला उपाय, मग तो मंत्र असो की सुई, करून बघायचा.

गावकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मरण दाराशी आलं असताना मिळेल तो उपाय धरणं हा व्यवहारच झाला. चूक लस देऊन कारण न सांगणाऱ्यांची. साथीच्या गावात जाणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेवकाने सुई काढण्याआधी एवढं जरूर विचारावं: तुमच्या मते हा रोग कशानं होतो?