चॅट्सवर्थ: वाडा, बाग आणि घडवलेला निसर्ग

इंग्लंडमधील डर्बीशायरमध्ये, डरवेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ हा कॅव्हेंडिश घराण्याचा वाडा आहे. सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची पत्नी बेस ऑफ हार्डविक यांनी 1549 मध्ये ही जागा विकत घेतली व 1552 मध्ये बांधकाम सुरू केले. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी नजरकैदेत असताना अनेकदा येथे राहिली. आजचा वाडा मात्र तो नव्हे. पुढे डेव्हनशायरचा पहिला ड्यूक झालेल्या वंशजाने 1687 पासून वीस वर्षांत एकेक बाजू पाडून तो नव्याने उभारला आणि डोंगरउतारावर दगडी पायऱ्यांवरून वाहणारा जलप्रपात बांधला.

अठराव्या शतकाच्या मध्यास आखीव बागांची आवड ओसरली. चौथ्या ड्यूकने ‘केपेबिलिटी’ ब्राउन या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराला बोलावले. त्याने बागेचा बराच भाग हिरवळीखाली घातला, उतारांवर झाडांचे पुंजके लावले आणि नदीच्या पात्रातही फेरफार केले. आज जे कुरण आपोआप उगवल्यासारखे वाटते, ते असे हाताने घडलेले आहे. एडेन्सर गावातील वाड्यातून दिसणारी घरे हटवण्यात आली. पुढे सहाव्या ड्यूकने नवे एडेन्सर वसवले. तेथील दगडी घरे देखणी आहेत. पण गाव कुठे असावे हे वाड्याच्या खिडकीने ठरवले, ही गोष्ट त्या देखणेपणाने पुसली जात नाही.

चॅट्सवर्थचा सर्वांत कर्तबगार माणूस मात्र ड्यूक नव्हता, माळी होता. शेतकऱ्याचा मुलगा जोसेफ पॅक्स्टन 1826 मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी मुख्य माळी झाला. रशियाचा झार येणार म्हणून त्याने 1844 मध्ये प्रचंड कारंजे उभारले. त्यासाठी वरच्या माळावर तलाव खोदला. तेथून नळाने उतरणारे पाणी केवळ स्वतःच्या दाबाने उसळते, पंप लागत नाही. झार आलाच नाही, कारंजे राहिले. 1849 मध्ये येथे फुललेल्या महाकाय अमेझॉन कमळाच्या पानावर पॅक्स्टनने आपल्या लहान मुलीला उभे केले; पान बुडाले नाही. पानाखालच्या जाड शिरांची जाळी त्याने निरखली आणि तोच विचार काचघरांच्या रचनेत आणला. लंडनचा 1851 चा क्रिस्टल पॅलेस त्याचाच. त्याने येथे वाढवलेल्या बुटक्या केळीला मालकाचे आडनाव मिळाले. जळगावची बसराई आणि ग्रँडनैन याच कॅव्हेंडिश गटातील.

पॅक्स्टनचे चॅट्सवर्थमधील भव्य काचघर पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी थंड पडले, झाडे मेली, आणि 1920 मध्ये ते सुरुंगाने उडवावे लागले. 1950 मध्ये दहावा ड्यूक वारला तेव्हा वारसा कर 80 टक्के होता. तो फेडण्यासाठी जमिनी, चित्रे आणि बेसचाच हार्डविक हॉल द्यावा लागला. 1981 पासून वाडा, बाग आणि भोवतालचे कुरण एका धर्मादाय न्यासाकडे आहे.