खेकडा, चेतक आणि बाहेरची हाडं

गेल्या शनिवारी बाबांची जुनी चेतक घेऊन वायर आणायला बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत गेलो होतो. परत निघताना स्टँडवरून काढली आणि पायाखालचा पत्रा कर्रकन फाटला. चूक माझीच. दोन पावसाळे गाडी उघड्यावर ठेवली, रबरी मॅटखाली पाणी मुरत राहिलं. ढकलत एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. तो वाकून बघत म्हणाला, "साहेब, हा नुसता पत्रा नाही, हाड आहे हे!"

पटलं! मोटारसायकलला आत नळ्यांची फ्रेम असते, आपल्या सांगाड्यासारखी. चेतकला तशी वेगळी फ्रेम नाही. दाबून आकार दिलेला पत्राच सगळं वजन पेलतो. थोडक्यात काय, आपल्या ओढ्यातल्या खेकड्यासारखं.

खेकड्याचं कवच म्हणजे कायटिनचे थर आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट. स्नायू आतून कवचालाच जोडलेले. सांध्यांपाशी तेवढं ते पातळ आणि मऊ, म्हणून पाय वाकतात. पोकळ नळी तेवढ्याच वजनाच्या भरीव कांबीपेक्षा कमी वाकते, कारण तिचा माल मध्यापासून लांब असतो.

विमानाच्या पातळ पत्र्यामागेही हेच गणित. महायुद्धानंतर इटलीतल्या पियाजिओ या विमानं बनवणाऱ्या कंपनीला नवा धंदा हवा होता. हेलिकॉप्टरवर काम केलेल्या कोराडिनो दास्कानिओ या इंजिनिअरची व्हेस्पा १९४६ मध्ये आली. बजाजने ती १९६० च्या दशकात परवान्यावर इथे बनवली आणि करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली.

पण एक मोठा फरक आहे. कवच वाढत नाही, म्हणून खेकडा ते टाकून देतो. आधी त्यातले थोडे क्षार अंगात परत ओढून घेतो (आमच्या भाषेत बॅकअप!), मागच्या बाजूने बाहेर पडतो, पाणी घेऊन फुगतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत लपून राहतो. कर्नल साईक्स आणि वेस्टवूड यांनी १८३६ मध्ये दख्खनच्या खेकड्याचं वर्णन छापलं, तेव्हा त्याला 'क्युनिक्युलॅरिस' हे बिळावरूनच नाव मिळालं.

चेतकला कात टाकता येत नाही. वेल्डिंग जरा तिरकं झालं तर दोन्ही चाकं एका रेषेत राहत नाहीत. वेल्डिंगवाला म्हणाला, भंगारात द्या. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फडकं घेऊन हँडल पुसत बसले.

असो. सडलेला भाग कापून नवा पत्रा बसवायला दिलाय. मॅट मात्र आता कायमची काढली!