यामाकींचा चीड

चीड हा सदाहरित वृक्ष घरात कोंडून ठेवण्याजोगा नव्हे. कुंडीत खुजा करून वाढविला, तरी त्याला ऊन, वारा आणि हिवाळ्याची थंडी हवीच. जपानी बोन्सायकलेचा हा पहिला पाठ.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा मासारू यामाकी यांच्या रोपवाटिकेतील असाच एक चीड उघड्यावर होता. स्फोटाची जागा जेमतेम ३ किलोमीटरांवर. घराच्या काचा फुटून आतील माणसे जखमी झाली. बाहेरचे झाड मात्र उंच भिंतीच्या आडोशाने बचावले. १६२५ पासून, म्हणजे शिवजन्माच्याही आधीपासून, त्याची निगा चालू होती. वसंतातले कोवळे कोंब बोटांनी खुडावयाचे, फांदी तारेने वळवावयाची, काही वर्षांनी माती पालटताना मुळे छाटावयाची. आणि पाणी! ते साचले तर मुळे कुजतात. उन्हाळ्यात चार दिवस विसरले तर तीन शतकांचे श्रम वाया. त्या होरपळलेल्या नगरात, ऐन ऑगस्टात, कोणीतरी या कुंडीत पाणी घातलेच असले पाहिजे.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. त्यानिमित्त जपानमधून भेट आलेल्या ५३ वृक्षांत यामाकींनी हा चीड दिला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो ठेवला गेला. पण तो कशातून वाचला, हे तेथे कोणास ठाऊक नव्हते. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहावयास आले, तेव्हा ती हकीकत उघड झाली. तोवर २५ वर्षे तेथील माळी त्याला इतर झाडांसारखेच पाणी घालीत होते.