३० ग्रॅमची कुळकथा

परतवाड्याच्या कोणत्याही किराणा दुकानात शेवेचं २०० ग्रॅमचं पाकीट उचला आणि मागची बारीक अक्षरांची चौकट वाचा. सर्व्ह साइज ३० ग्रॅम. त्याखाली टक्के येतात: स्निग्ध पदार्थ, दिवसाच्या गरजेच्या १८ टक्के. वजन उतरवायचं मनावर घेतलेल्या माणसाला हा आकडा धीर देतो. पण ते १८ टक्के ३० ग्रॅमचे आहेत. तेलकट शेवेत १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणजे अख्ख्या पाकिटात ८०. टक्के काढताना सरकारने दिवसाला धरलेला आकडा ६७ ग्रॅमचा आहे. संध्याकाळी टीव्हीसमोर पाकीट रिकामं झालं, तर दिवसभराचा सगळा हिशोब तिथेच पार होतो. सकाळची फोडणी आणि रात्रीची भाजी त्यात धरलेलीच नाही.

एका ओळखीच्या दुकानात मी सुटी शेव तोलायला सांगितली, बरोबर ३० ग्रॅम. इलेक्ट्रॉनिक काट्यावरच्या कागदावर मधोमध एक लहानसा ढीग झाला, मुठीत सहज मावेल एवढा. दुकानदार म्हणाला, “येवढ्यात कोनाचं भागते, भाऊ?” पोह्यांवर भुरभुरायला तेवढी शेव पुरते. नुसती शेव खायला बसलेल्या माणसाला ती पुरत नाही. मग हे ३० ग्रॅम आले कुठून, आणि ठरवले कोणी?

या आकड्याचं कूळ शोधत मागे गेलं, की भारतात तरी पहिली गाठ पडते ती उपाशी माणसाशी. सरकारने माणसाच्या पोटाला वजन लावलं ते दुष्काळात. १८७७च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामांच्या पाहणीला निघाले. नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून आधी काम केलेला हा माणूस. मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर भागेल, असं त्यांनी ठरवलं. एक पौंड म्हणजे ४५३ ग्रॅम, अर्ध्या शेराहूनही जरा कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला, मजुराला किमान दीड पौंड धान्य हवं असा त्यांचा आग्रह होता. मुंबई इलाख्यात लोकांनी दुष्काळी कामं सोडली आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ४५३ ग्रॅम धान्याचे आजच्या हिशोबाने १६०० किलोकॅलरीही जेमतेम होतात.

त्या काळात असा हिशोब रूढ नव्हता, कारण अन्नाची कॅलरी मोजण्याची पद्धत अजून रुळायची होती. ते काम अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९०च्या दशकात केलं. त्यांनी माणसाला बंद खोलीत ठेवलं, त्याने खाल्लेलं अन्न मोजलं आणि शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. त्यांच्याच कामातून आले ते ४, ४ आणि ९. एक ग्रॅम प्रथिनाला ४ किलोकॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकाला ४, एक ग्रॅम स्निग्धाला ९. परतवाड्यातल्या शेवेच्या पाकिटावरची ऊर्जाही आज याच तीन आकड्यांनी काढलेली असते. ज्याला कॅलरीचा तक्ता पाठ नाही, त्याने हा ९ तेवढा लक्षात ठेवावा. तेलाचा एक ग्रॅम हा साखरेच्या एका ग्रॅमच्या दुपटीहून भारी पडतो.

१९१८ साली कॅलिफोर्नियाच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी हा हिशोब प्रयोगशाळेतून उचलून बायकांच्या स्वयंपाकघरात आणला. स्वतः वजन उतरवलेल्या या डॉक्टरणीने आपल्या पुस्तकात पदार्थांचे शंभर-शंभर कॅलरींचे वाटे पाडून दाखवले. पहिल्या महायुद्धातले धान्यटंचाईचे दिवस होते, तेव्हा कमी खाणं हे देशप्रेमाचंही काम होतं. डाएट करणाऱ्याने अन्न मोजून खायचं, ही आजची चाल मोठ्या प्रमाणावर रुजली ती इथून. म्हणजे अन्नाचं मोजमाप आधी उपाशी माणसाला किमान किती द्यायचं यासाठी वापरलं गेलं, आणि मग भरल्या घरात जास्तीत जास्त किती खायचं यासाठी.

पाकिटावरचा सर्व्ह मात्र या दोघांपैकी कुणाचाच सरळ वंशज नाही, आणि सगळा घोटाळा इथे आहे. अमेरिकेत १९९०चा कायदा झाला आणि १९९४पासून पाकिटांवर पोषणाची चौकट सक्तीची झाली. त्याआधी कंपन्या आपल्या सोयीने वाटा लहान धरत, म्हणजे कॅलरी कमी दिसत. कायद्याने सांगितलं, एका बैठकीला लोक सर्वसाधारणपणे जेवढं खातात तोच सर्व्ह. त्यासाठी १९७७-७८ आणि १९८७-८८च्या आहार-पाहण्या हाताशी धरल्या आणि पदार्थागणिक प्रमाणं ठरवली. किती खावं, असा तो सल्ला नाही. लोक किती खातात, याची ती नोंद आहे. म्हणून २०१६ साली अमेरिकेने नियम सुधारले तेव्हा आइस्क्रीमचा सर्व्ह अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर गेला. आइस्क्रीम काही पौष्टिक झालं नव्हतं, लोक जास्त खाऊ लागले होते.

समजा असाच पाहणी करणारा डिसेंबर-जानेवारीत बहिरमच्या यात्रेत आला. परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की बहिरम. तिथे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडून त्यावर तूप ओततात, वांग्याची भाजी वाढतात, पलीकडे मातीच्या हंडीत मटण शिजत असतं. वाढणारा उभा आहे तोवर पान रिकामं राहत नाही आणि नको म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. त्या पाहणी करणाऱ्याने काय लिहावं, एक रोडगा की चार? आपल्याकडे किती खायचं हे खाणाऱ्याइतकंच वाढणाऱ्याच्या हातात असतं. पाकीट फोडून खाताना वाढणाराही नाही आणि पानही नाही. हात पाकिटात जात राहतो. म्हणूनच तिथे आकडा खरा हवा.

२००० किलोकॅलरींचा दिवस हा पाकिटावरचा दुसरा आकडाही असाच आला. अमेरिकेत पाहण्यांवरून आधी २३५० सुचले होते. एवढा आकडा छापला तर लोक जास्त खातील अशी हरकत निघाली, शिवाय २००० हिशोबाला सोपे, म्हणून २०००. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२०च्या लेबलिंग नियमांत दिवसाला हेच २००० धरले आहेत. सोबत ६७ ग्रॅम एकूण स्निग्ध, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. संत्र्याच्या बागेत दिवसभर राबणारा गडी आणि बँकेच्या खिडकीत बसलेली बाई, दोघांनाही एकच दिवस. नियम सर्वांसाठी एकच हवा हे मला कळतं, पण पाकिटावरचे टक्के वाचणाऱ्याला हेही ठाऊक हवं.

आपल्या नियमांत सर्व्हची व्याख्या सैल आहे: एका वेळी सर्वसाधारणपणे खाल्लं जाणारं, किंवा लेबलवर जसं लिहिलं असेल तसं प्रमाण. ‘किंवा’च्या पुढचा भाग कंपनीच्या हातात जातो. शेजारशेजारच्या दोन पाकिटांवर एकाचा सर्व्ह २० ग्रॅम आणि दुसऱ्याचा ३० असेल, तर टक्क्यांची तुलना करून हाती काही लागत नाही.

विदर्भात डाएट म्हटलं की डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची नावं निघतातच. दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत. या पद्धतीत ग्रॅम मोजायचे नसतात, वेळा मोजायच्या असतात. ती किती जणांनी किती दिवस पाळली हा वेगळा विषय, पण लोकांना ती का भावली हे मला समजतं. वाटीकाटा न घेता पाळता येईल असं काहीतरी ती देते. पाकिटावरचा सर्व्ह नेमकं तेच देत नाही.

परतवाड्यात राहणाऱ्याला हा विषय निव्वळ डाएटचा वाटू शकत नाही. इथूनच रस्ता सेमाडोह, हरिसाल करत मेळघाटातल्या धारणीला चढतो. १९७५च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यातलं एक धारणी. तिथल्या अंगणवाडीतही एक वाटा ठरलेला होता: सहा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ३०० किलोकॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं. पुढे मेळघाटातल्या बालमृत्यूंनी १९९३ साली महाराष्ट्र हादरला. २००९ साली देशभर हा वाटा ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांवर नेला, तीव्र कमी वजनाच्या मुलाला ८००. तो बदलला, कारण ३०० पुरतात का, हा प्रश्न विचारत राहणारी माणसं होती. पाकिटावरच्या ३० ग्रॅमला तसा प्रश्न अजून पुरेशा जोराने कुणी विचारलेला नाही.

तोवर पाकिटावर वाचायचे ते १०० ग्रॅमचे आकडे. तिथे कंपनीला हात आखडता येत नाही, आणि दोन पाकिटं शेजारी धरली तर खरी तुलना तिथेच होते. मग पाकिटाचं निव्वळ वजन बघायचं आणि आपण त्यातलं किती खाणार ते ठरवून गुणायचं. पाकीट थेट तोंडाशी न नेता खायचं तेवढं वाटीत काढलं, तर निम्मं काम तिथेच होतं. आणि सरकारकडे मागायचं ते अमेरिकेने केलं तसं: शेव, बिस्किटं, नूडल्स, सरबत, प्रत्येकाचा सर्व्ह सगळ्या कंपन्यांना एकच, आपल्या लोकांच्या खाण्याच्या पाहणीतून ठरलेला. ग्रॅमच्या शेजारी चमचा, कप अशी घरगुती मापं लिहायला आजचे नियमही मोकळीक देतात. ३० ग्रॅमच्या पुढे ‘एक मूठ’ छापायला कुणाचीच आडकाठी नाही.