सोनुबाईच्या वाळ्याचं कूळ

वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनच्या गावाला, मावशीच्या अंगणात कल्हईवाला बसला होता. पितळी गुंड तापला, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आतून फिरली आणि कापसाच्या बोळ्यामागे चांदीसारखी चकाकी पसरत गेली. मी एक कांडी उचलून वाकवली, तर ती करकरली. मावशी म्हणाली, "हेच होय बापा, सोनुबाईचं कथील."

'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र त्या दिवसापासून 'कथील' या शब्दाच्या मागे लागलो. त्याचं मूळ संस्कृत 'कस्तीर'. हस्ताचा हात झाला, मस्तकाचा माथा झाला, तसं कस्तीराचं कथील झालं. गुजरातीत ते अजून 'कथीर' आहे. आणि ग्रीक भाषेत याच धातूचं नाव 'कासितेरोस'! होमरच्या 'इलियड'मध्ये अकिलीसची पायकवचं कथलाची आहेत. तिकडे वीराच्या पायात जे शोभलं, त्यावरून इकडे सोनुबाईला हसतात.

आता कुणी कुणाकडून घेतलं? संस्कृतातून ग्रीकात गेलं, असं जुने पंडित म्हणत. मला ते पटत नाही. वेदवाङ्मयात कथलाला 'त्रपु' हा शब्द आहे. 'कस्तीर' फार उशिरा भेटतो. घरचा शब्द असताना दुसरा आला, तो मालाबरोबरच आला असणार. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, त्यात कासितेरोस आहे. माझ्या मते शब्द तिथेच किनाऱ्याला लागला आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर घाट चढला. 'कल्हई' मात्र अरबीतून आली. तिचं मूळ बहुतेक अभ्यासक मलाय द्वीपकल्पातल्या कलह बंदराशी जोडतात. एकाच गुंडात पश्चिमेचा आणि पूर्वेचा शब्द एकत्र झाले.

राहिला म्हणीचा अर्थ. सोनुबाई खोटा डौल मिरवते, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. पण सोन्याचं सोंग आणायचं तर वाळा पितळेचा हवा होता. पितळ सोन्यासारखी दिसते. कथील पांढरं, ते सोन्याच्या जवळपासही जात नाही. लबाडीसाठी मराठीनं 'पितळ उघडी पडणे' हा वेगळा वाक्प्रचार ठेवला आहे. सोन्याचा मुलामा उडाला की खालची पितळ दिसते, असा त्याचा उगम सांगतात. मी तो कल्हईच्या भांड्यात शोधतो, कारण मुलाम्याचे दागिने थोड्या घरांत, पण कल्हई उडून ताक कळकणं घरोघरचं होतं. भंडाऱ्यासारख्या पितळी भांड्यांच्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा निवाडा असा: सोनुबाईनं कुणाला फसवलेलं नाही. आईबापांनी हौसेनं सोन्याचं नाव ठेवलं आणि ऐपत कथलाचीच निघाली. ही म्हण यापुढे कुणाला ऐकवाल, तर तिला लबाड ठरवू नका.